पहिला मासा बहिरूचा

माझ्या बाच्या पोटावर आमच्या अख्ख्या वाडीचा विश्वास होता. डोक्यावर फारसा कोणाचा नव्हता, माझा तर नव्हताच, पण पोटावर होता.

डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमची वाडी. भाताच्या खाचरांखालून ओढा जातो आणि एका ठिकाणी खडकात त्याचा खोल कोंड झाला आहे. ओढा आटतो, कोंड आटत नाही. होळी झाली, भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले, की दिवस ठरवून सगळी वाडी कोंडावर जाते. बायका गेळ्याची फळं कुटून नेतात, पुरुष तो चोथा पाण्यात कालवतात आणि थोड्या वेळात मासे झिंगून वर येतात. मग पाट्या भरायच्या, घरटी वाटे घालायचे, आतडी काढून लांब पुरायची. गेळा म्हणजे शेवटी विषच. ते माशाच्या पोटात राहतं, पोट काढलं की विष गेलं, असं आमच्याकडे धरून चालतात. पण नुसतं धरून भागत नाही, म्हणून एक रीत आहे. त्या संध्याकाळी वाडीतल्या सर्वांत वयस्क माणसाने एकट्याने मासा खायचा. बाकीच्यांनी आपापले वाटे मीठ-हळद लावून झाकून ठेवायचे. सकाळी तो माणूस धडधाकट उठला, की अंगणात येऊन पितळेची थाळी बडवतो. थाळी वाजली की घरोघर चुली पेटतात.

रखमाजी चुलता गेल्यापासून हा मान माझ्या बाकडे, म्हणजे बहिरूकडे आला. त्या दिवशी बा असा वागायचा की नवरदेवाने लाजावं. सकाळपासून पोट रिकामं ठेवणार, धुतलेलं धोतर नेसणार, पाटावर बसून मासा खाणार आणि वर म्हणणार, "मीठ कमी हाय." आजवर कोणाला काही झालेलं नाही. एकदा कुशाबा आजोबांना ढाळ लागले होते, तेव्हा वाडीने सगळे मासे फेकून दिले. आजोबांनी आदल्या दिवशी अर्धा फणस एकट्याने संपवला होता, हे मागाहून कळलं.

मी रत्ना, वाडीतली अंगणवाडीची बाई. माझं सासर आणि माहेर एकाच वाडीत, त्यामुळे रुसून जायचं तर जायला जागा नाही. नवरा गेल्यापासून बा माझ्याकडेच राहतो. दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात माझी लेक भागू पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती आणि तिला मुलगी झाली. जावई सूरज आळेफाट्याला गॅरेजात काम करतो, तो पोरीचं तोंड बघून परत गेला. पोरगी गुटगुटीत नव्हती, पण रडायला खणखणीत होती. अडचण एकच होती, भागूला दूध पुरेसं येत नव्हतं.

आता माझी पंचाईत बघा. सगळ्या वाडीला मी सांगत फिरते की आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही. माझ्या अंगणवाडीच्या भिंतीवर तसं चित्रही आहे. आणि माझ्याच घरात पोर छातीला लागून चुटुचुटु ओढतं आहे आणि थोड्या वेळाने भुकेनं रडतं आहे. अळीव झाले, मेथी झाली, नाचणीची पेज झाली. आमची सुईण झुंबरबाई रोज येऊन भागूच्या पाठीला तेल लावायची आणि जाताना मला ऐकवायची.

"रत्ने, तुजं ते चित्र भितीवरच ऱ्हाऊ दे. कोंडाचा मळ्या मासा येऊ दे घरात. त्याचा सार प्याली की पान्हा दाटून येतोय बग. तू काय अळिवावर वाडलीस का?"

ते खोटं नव्हतं. मी त्याच सारावर वाढले आणि भागूही. मळ्या मासा कोंडाच्या तळाशी गाळातलं शेवाळ चरतो आणि उन्हाळ्यापर्यंत पोसून लठ्ठ होतो. त्याच्या आतड्याला लगडलेली पांढरी चरबी आम्ही हाताने सोडवून घेतो आणि तव्यात आधी तीच टाकतो. तिच्यात शिजवलं की वेगळं तेल लागत नाही. बाळंतिणीला तर तीच चरबी घातलेला सार द्यायचा असतो. म्हणून त्या वर्षी मी कोंडावर जायची जेवढी वाट बघितली, तेवढी कधी सणाचीही बघितली नाही.

आम्ही कोंडावर गेलो त्या दिवशी पहिल्यांदा डोकं चक्रावलं ते मासे वर आले तेव्हा. गेळा नीट कालवलासुद्धा नव्हता, तोच मासे उलटे होऊन तरंगायला लागले. पुरुष खूश झाले. मी पाटीत हात घातला आणि एक मळ्या उचलला. डोकं चांगलं मुठीएवढं, पण डोक्यामागे अंगच नाही. शेपटीकडे तर काडी झालेली.

"उपाशी हायती," झुंबरबाई म्हणाली. "पाणी कमी झालंय ना."

मला पटलं. घरी येऊन विळीवर पहिला मासा चिरला, तर आतडं भरलेलं. हिरवागार गाळ अगदी शेवटपर्यंत ठासलेला. हा मासा उपाशी नव्हता, पोटभर चरून आला होता. पण आतडं हाताला लागताच फाटलं. एरवी ते चिवट असतं, ओढलं तरी तुटत नाही. हे पाण्यात भिजलेल्या कांद्याच्या पातीसारखं लिबलिबीत, जागोजाग लाल ठिपके आलेलं. आणि खाल्लेलं शेवाळ जसं गिळलं तसंच पुढे सरकलेलं, पचल्याची काही खूणच नाही. चरबी शोधायला मी आतड्याची वेटोळी पार सोडवली. नखाएवढीही सापडली नाही. दुसरा चिरला, तिसरा चिरला, तेच. मला वाटलं जंत असतील. ते शोधले, तर तेही नाहीत.

माझ्या अंगणवाडीत अशी पोरं येतात. सुकडी दोनदा मागून खातात आणि वजनाच्या काट्यावर बसवलं की काटा जागचा हलत नाही. खाल्लेलं अंगी लागत नाही, असं आपण म्हणतो. पण ते माणसाच्या पोरांचं. माशाला काय झालं असेल, ते मला कळेना.

मी बाला म्हटलं, "बा, या वर्षी तुम्ही खाऊ नका. मासं बरं दिसत नाहीत."

"मंग बाळंतणीला काय घालशील? माजी हाडं?" बा पाटावर बसलासुद्धा होता. "रोड झालेत एवडंच. आतडं काडलंस ना?"

"काढलं."

"मंग झालं तर. वाढ."

मी वाढलं. बाने मासा काट्यासकट चोखून खाल्ला आणि म्हणाला, "मीठ कमी हाय."

सकाळी बा नेहमीपेक्षा लवकर उठला. राखुंडी लावली, चहा प्याला, वर शिळी भाकरी मागितली. म्हाताऱ्याचं बोट मागे दगडाखाली ठेचलं होतं, त्याचंसुद्धा त्याला काही झालं नव्हतं, तर माशाचं काय होणार! मला इतकं हायसं वाटलं, की थाळी वाजायची वाट न बघता मी साराचं पातेलं चुलीवर चढवलं. आत पोरगी रडत होती आणि भागू विचारत होती, "आये, झाला का सार?"

बा खुंटीवरची थाळी काढायला हात उंचावतो, तोच अंगणात सुनील आला.

सुनील हा पुण्याच्या कॉलेजातला शिकाऊ संशोधक. हिवाळ्यापासून तो धरणातल्या आणि ओढ्यांतल्या माशांची आतडी बाटल्यांत भरून न्यायचा. वाडीत त्याला आतडीवाला म्हणायचे. कोणी म्हणायचं तो औषध करतो, कोणी म्हणायचं परदेशात विकतो. पोरगा गरीब स्वभावाचा, सगळ्यांचं हसून ऐकायचा. माघात त्याने आमच्या कोंडातलेही मासे नेले होते. त्या दिवशी पहिल्या एसटीतून खाली उतरून तो डोंगर चढून आला होता, घामाने निथळत होता आणि हसत नव्हता.

"ताई, कोंडातले मासे खाल्ले का कोणी?"

"मी खाल्लं," बा छाती काढून म्हणाला. "बगा, उबा हाय."

सुनील ओट्यावर टेकला. पाणी प्यायला आणि सांगायला लागला. त्याचं बोलणं एका जागी ठरत नव्हतं, आणि ते मला त्याच्या बाजूने बरंच वाटलं. ज्याला सगळं ठाऊक असतं, त्याची मला आधीच चीड आहे.

त्याचं म्हणणं असं, की माशाच्या आतड्याला आतून बारीक घड्या असतात, लुगड्याच्या निऱ्यांसारख्या. त्या घड्यांतून खाल्लेलं अंगात जातं. आमच्या माशांच्या घड्या झिजून गेल्या होत्या. शिवाय पोटात चांगले जंतू असतात, दुधात विरजण असतं तसे. ते मेले होते आणि भलतेच माजले होते. म्हणून मासा चरतो आणि तरी सुकतो.

"पण कशानं?" मी विचारलं.

"माशांत पावडर सापडली, ताई. बीएचसी."

ही कीड मारायची पावडर आमच्या ओळखीची. भाताच्या रोपावर आम्ही ती हाताने धुरळायचो. बांध पोखरणाऱ्या खेकड्यांच्या बिळांत मुठीने कोंबायचो. पोती रिकामी झाली की कोंडावर धुऊन त्यांत धान्य भरायचो, कारण पोती मजबूत होती. सगळी वाडी हेच करायची आणि सरकारी माणूसही ओट्यावर बसून हे बघत चहा प्यायचा. पण ती पावडर बंद होऊन चार-पाच वर्षं झाली होती.

"काय बोलता राव!" बा उखडला. "बंद व्हऊन किती पावसाळं गेलं! दरसाल कोंड वाहून धुवून निगतो. आरं, गेळ्याचं ईष दुसऱ्या दिशी उतरतंया. आमी पिड्यान्‌पिड्या बगतोय."

"गेळ्याचं उतरतं, आजोबा. झाडाचं विष आहे ते, पाण्यात कुजून जातं. हे कुजत नाही. गाळात बसून राहतं. मळ्या गाळ चरतो, मग माशात येतं."

"पर मासा तर जिता व्हता! जित्या माशात ईष कसलं?"

"मरण्याएवढं नाही त्यात. म्हणजे, यानेच आतडं खराब झालं हेही मी छातीठोक सांगू शकत नाही. मला तसं वाटतं."

"आतडं तर आमी काडून टाकतो."

"ते आतड्यात राहत नाही, आजोबा. तिथून चरबीत जातं. जिथं चरबी, तिथं ते जाऊन बसतं."

चुलीवर सार उकळत होता. मी तिकडे बघितलं आणि माझ्या मनात जे आलं, ते तोंडातून बाहेर पडायच्या आधी मी दोनदा गिळलं.

"सुनीलभाऊ, दुधावर साय येते ती काय असते?"

त्याने मान खाली घातली. "चरबीच."

"आणि आईच्या दुधात?"

"असते, ताई. त्यातही असते."

कोंडाचा सार प्यायला की पान्हा दाटतो, हे खरं. दुधातून पोराच्या अंगी लागतं, हेही खरं. मग त्याच वाटेने तेही लागणार? भागू लहानपणापासून हेच मासे खात आली, मग तिच्या अंगात आधीच किती असेल? माझ्या अंगातून तिला किती गेलं असेल? भिंतीवरचं चित्र खरं की हे खरं? मी त्याला विचारलं, "मग अंगावर पाजणंच बंद करायचं का?"

"नाही, नाही!" तो दचकून उठलाच. "दूध बंद करू नका. जेवढं येतंय तेवढं पाजा. आईचं दूध चांगलंच. फक्त हे मासे नकोत."

"म्हणजे दूध चांगलं, पण त्यात हे आहे."

"असेल. थोडं."

"थोड्यानं काय होतं?"

"सांगता येत नाही, ताई."

"किती वर्षांनी कळतं?"

"तेही सांगता येत नाही."

मला त्याचा राग आला. डोंगर चढून येऊन सांगता येत नाही हेच सांगायचं होतं, तर आला कशाला? आणि आला नसता तर मी सार वाटीत ओतला असता, म्हणून त्याच्या पाया पडावंसंही वाटलं. एकाच माणसाचा एकाच वेळी इतका राग आणि इतकी माया मला नवऱ्याशिवाय कोणाची आली नव्हती.

एवढ्यात बाने काय केलं, तर चुलीपाशी जाऊन वाटीत सार ओतला आणि भागूच्या खोलीकडे निघाला. मी उंबऱ्यात आडवी झाले.

"सर बाजूला, रत्ने."

"नाही सरणार."

"मी खाल्लंय. रातभर मला काय न्हाई झालं. उबी वाडी माज्या पोटावर ईश्वास ठिवती आन् माजी लेक ठिवत न्हाई?"

"तुमच्या पोटावर आहे माझा विश्वास, बा. माशाच्या पोटावर नाही. ते मी चिरलंय माझ्या हाताने."

बाने वाटी खाली ठेवली. इतकं अपमानाने कोलमडलेलं मी त्याला कधी बघितलं नव्हतं. तो ओट्यावर सुनीलशेजारी जाऊन बसला आणि आपल्या पोटाकडेच बघत राहिला.

"पावणं," शेवटी तो म्हणाला, "ह्ये खाऊन माणूस कदी मरतो?"

"मरत नाही, आजोबा. म्हणजे, लगेच नाही. कदाचित यानं मरणारच नाही."

"मंग आमी वळखायचं कसं? म्हाताऱ्यानं खायाचं, सकाळी उटला तर बरं, न्हाई उटला तर वाईट. दुसरं आमाला येत न्हाई." बाचा आवाज एकदम बारीक झाला. "मी मेलो असतो तर बरं झालं असतं, रत्ने. कळलं तरी असतं."

मला रडू फुटलं. मी बाला आयुष्यभर बोल लावले, त्याच्या मिरवण्याची थट्टा केली. त्या घडीला माझ्या बाइतकं मोठं माणूस मला जगात दिसेना, आणि त्याच्याइतकं हरलेलंही.

अंगणाच्या कडेला झुंबरबाई येऊन उभी राहिली होती. तिच्यामागे आणखी दोन-तीन बाया होत्या. "बहिरूबा, थाळी का वाजंना? बरं हाय ना?"

मी डोळे पुसले आणि फडक्याने पातेलं उचललं. फेकून तर देऊ आधी, पुढचं पुढे बघू, असं म्हणून परसात गेले. पण टाकू कुठे? उकिरड्यावर कोंबड्या चरत होत्या, आणि भागूला मी रोज त्यांचंच अंडं देत होते. गोठ्यापाशी आमची कुत्री पडली होती, तिला चार पिलं लुचत होती. खाचरात ओतावं तर तिथे भात पेरायचं. ओढ्यात ओतावं तर ओढा कोंडातच जातो. मी पातेलं धरून गरागरा फिरत राहिले. हात पोळायला लागले, तरी मला या एवढ्या मोठ्या डोंगरात एक पातेलं रिकामं करायला जागा सापडेना.

"आण हिकडं," बा मागून म्हणाला.

त्याच्या हातात ती पितळेची थाळी होती. तो परसातल्या दगडावर बसला आणि त्याने थाळी मांडीवर उताणी ठेवली.

"हितं वत."

"बा, नको."

"अगं, वत. माज्या फुडं काय हाय? मला कुणाला दूध पाजायचं न्हाई. माज्यापासनं फुडं कुटं जायाचं न्हाई ते."

सुनील धावत आला. "आजोबा, असं करू नका, आपण खड्डा करून पुरू," असं काहीबाही म्हणत राहिला. बाने त्याला विचारलं, "पुरल्यावर तितंच ऱ्हाईल? नक्की सांगा." सुनील दोन पावलं मागे सरला. मी ओतलं. कसं ओतलं ते आजही मला सांगता येत नाही, पण थाळी भरली आणि पातेलं रिकामं झालं. बा एकेक मासा चोखत, काटे बाजूला रचत, सावकाश खात राहिला. वाडीतल्या बाया परसाच्या कुडाशी उभ्या राहून बघत होत्या. दरवर्षी सगळ्यांच्या आधी खाणारा माणूस आज सगळ्यांच्या वाटचं खात होता.

थाळी पुसून काढल्यावर त्याने ती बाजूला ठेवली. मीठ कमी आहे असं म्हणाला नाही. झुंबरबाईला एवढंच म्हणाला, "घरी जा. आज थाळी वाजायाची न्हाई. मासं कुणी शिजवू नका."

"मंग त्याचं करायचं काय, बहिरूबा?"

बाने हात पोटावरून फिरवला आणि तो माझ्याकडे बघायला लागला. मी सुनीलकडे बघितलं. आतून भागूने पुन्हा हाक मारली, सार झाला का म्हणून. मी नाचणीची पेज वाटीत काढली आणि आत घेऊन गेले. तिने पोरीला छातीशी धरलं होतं आणि पोरगी डोळे मिटून पीत होती.